मिशेलिन पायलट अल्पिन ५: थंडीत स्पोर्ट्स कारसाठी घ्यावा का?

थंडी वाढली की स्पोर्ट्स कारचं इंजिन खुलतं आणि तिचे टायर आखडतात. एकाच सकाळी, एकाच गाडीत या दोन्ही गोष्टी घडतात आणि हिवाळ्यातली बरीचशी गडबड या तफावतीतूनच होते. पायलट अल्पिन ५ हा मिशेलिनचा, ताकदवान गाड्यांसाठी बनवलेला विंटर टायर. ही तफावत तो कितपत भरून काढतो ते इथे पाहू. आमचं मत आधीच सांगतो: मागच्या चाकांना ताकद जाणारी, तीनशेच्या वर हॉर्सपॉवरची गाडी हिवाळाभर रोज वापरायची असेल तर हा टायर घ्यावा. मात्र त्याला काय जमत नाही तेही घेण्याआधी नीट समजून घ्या.

आधी इंजिनाची बाजू बघू, कारण टायरवर येणारा भार तिथूनच सुरू होतो. ३० अंश सेल्सिअसच्या हवेपेक्षा शून्य अंशाची हवा सुमारे ११ टक्के जास्त दाट असते. पण म्हणून ताकद ११ टक्के वाढत नाही. मॅनिफोल्ड आणि इनटेक व्हॉल्व्ह तापलेलेच असतात आणि थंड हवा त्यांच्याकडून जास्त उष्णता उचलते, त्यामुळे सिलिंडरमध्ये शिरेपर्यंत फायद्याचा बराच भाग गळून जातो. डायनोवरचे (ताकद मोजायच्या यंत्रावरचे) आकडे हवामानानुसार दुरुस्त करायला जे एसएई जे१३४९ सूत्र वापरतात, त्यात तापमानाचं वर्गमूळ येतं. त्या हिशेबानं टर्बो नसलेल्या इंजिनाला ३० वरून शून्यावर आल्यावर ५ ते ६ टक्के जास्त मिळतात. ४०० हॉर्सपॉवरच्या इंजिनाला हे वीस-पंचवीस हॉर्सपॉवर झाले.

टर्बो इंजिनाचं गणित वेगळं. तिथे ईसीयू (इंजिनाचा संगणक) ठरवून दिलेल्या टॉर्कपर्यंतच बूस्ट, म्हणजे टर्बोचा हवेचा दाब, नेतो, त्यामुळे कमाल आकडा फारसा हलत नाही. फरक पडतो तो टिकून राहण्यात. इंटरकूलरमधून हवा थंड निघते, नॉकिंगची (मिश्रण अवेळी पेटण्याची) शक्यता कमी होते, इग्निशन टायमिंग मागे घ्यावं लागत नाही. उन्हाळ्यात सलग तीन-चारदा पूर्ण थ्रॉटल दिल्यावर जी ताकद ढेपाळते, ती थंडीत ढेपाळत नाही. ज्यांनी गाडी ट्यून करून घेतली आहे त्यांनी एक तपासावं: दाट हवेला इंधनही जास्त लागतं आणि इंधन सोडणारे इंजेक्टर उन्हाळ्यातच ८५-९० टक्के ड्यूटी सायकलला, म्हणजे जवळजवळ पूर्ण वेळ उघडे राहण्याला, पोहोचत असतील तर थंडीत मिश्रण लीन (हवेच्या मानानं इंधन कमी) होऊ शकतं. मॅपिंग उन्हाळ्यात झालं असेल तर पहिल्या थंडीत एकदा लॉग (इंजिनाच्या आकड्यांची नोंद) काढून बघा.

थोडक्यात, मागच्या चाकांपर्यंत नेहमीइतकी किंवा थोडी जास्तच ताकद पोहोचते. आता त्यातली रस्त्यावर किती उतरते ते पाहू.

समर टायर थंडीत ग्रिप का सोडतो

मिशेलिनच्याच पायलट स्पोर्ट ४ एस किंवा त्याहून कडव्या कप २ यांसारख्या समर टायरांचं रबर मुद्दाम असं बनवलेलं असतं की गरम रस्त्यावर ते रस्त्याच्या बारीक खडबडीतपणात शिरावं आणि बाहेर पडताना ऊर्जा खावी. ग्रिप त्यातूनच येते. तापमान उतरलं की हेच रबर आपल्या काचसंक्रमण तापमानाच्या जवळ सरकतं, म्हणजे लवचीकपणा सोडून ताठर होऊ लागतं. मग ते खडबडीतपणात शिरत नाही, त्याच्यावरून घसरतं. टायर गरम करून घेऊ म्हटलं तर तेही सोपं नाही. टायर तापतो तो वाकण्यातून आणि घसरण्यातून, आणि २-३ अंशांच्या ओल्या रस्त्यावर मिळालेली उष्णता पाणी लगेच काढून नेतं. चार वळणं जोरात घेतल्यावर टायर तापला असं वाटतं, पुढच्या सरळ रस्त्यावर तो पुन्हा गार होतो.

तापमान सात अंशांखाली गेलं की विंटर टायर लावा, हा नियम सगळ्यांना पाठ असतो. पण सात अंश ही लक्ष्मणरेषा नव्हे. कोरड्या रस्त्यावर चांगला समर टायर ४-५ अंशांतही विंटर टायरपेक्षा कमी अंतरात थांबू शकतो. ओल्या रस्त्यावर मात्र त्याचा फायदा साधारण याच टप्प्यात संपतो आणि बर्फावर तर तुलनाच नको. सकाळी २ अंश आणि दुपारी १२ अंश अशी हवा असेल तर निर्णय सकाळच्या आकड्यावर घ्यायचा, कारण दव, धुकं आणि पुलावरचा न दिसणारा बर्फ त्याच वेळी असतो.

ग्रिपच्याही पलीकडे एक प्रश्न आहे. उणे ७ अंशांच्या खाली समर टायरच्या ट्रेडला (रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीदार भागाला) तडे जाऊ शकतात. गाडी रात्रभर बाहेर उभी राहिली आणि पहाटे नुसती हलवली तरी हे होऊ शकतं, आणि असे तडे सहसा वॉरंटीत बसत नाहीत. गाडी चुकून अशा थंडीत सापडलीच तर ती जागेवरून हलवण्याआधी गरम जागेत टायरांना पूर्ण सैल होऊ द्या. त्याला किमान २४ तास द्या.

पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर पुढची चाकं टकटक उड्या मारतात, हीदेखील याच कुळातली तक्रार. रुंद, ताठर टायर आणि स्पोर्टी स्टिअरिंग भूमिती असली की पूर्ण लॉकवर एक चाक थोडं आडवं घासलं जातं. गरम रबर वाकून ते सामावून घेतं. थंड रबर आधी ताणून धरतं आणि मग एकदम सुटतं. गाडीत बिघाड नसतो. विंटर टायर बसवले की हा त्रास बहुतेक वेळा जातो.

ताकदीचा हिशेब

१५०० किलोची, मागे इंजिन असलेली गाडी घ्या. मागच्या चाकांवर साधारण ९०० किलो वजन आहे. दाबून बसलेल्या बर्फावर घर्षणाचा गुणांक ०.२५ धरला तर दोन्ही मागची चाकं मिळून सुमारे २,२०० न्यूटन एवढाच जोर रस्त्याला देऊ शकतात. चाकाची त्रिज्या ३४ सेंमी धरली तर चाकांवर ७५० न्यूटन-मीटर. पहिल्या गिअरचा एकूण रेशो, म्हणजे इंजिनाचा टॉर्क चाकांवर जितक्या पट होतो तो आकडा, १३ च्या आसपास असतो. म्हणजे इंजिनकडून लागतात फक्त ५८ न्यूटन-मीटर! ४५० न्यूटन-मीटरच्या इंजिनातला हा जेमतेम आठवा हिस्सा. त्यापुढे दिलेला प्रत्येक न्यूटन-मीटर चाक जागेवर फिरवण्यात जातो.

दुसऱ्या गिअरला एकूण रेशो साडेसातच्या आसपास येतो आणि तेवढ्याच ग्रिपसाठी इंजिनकडून १०० न्यूटन-मीटर चालतात. थ्रॉटलच्या पायाला चुकायला जागा मिळते. म्हणून बर्फावर दुसऱ्या गिअरमध्ये निघायचं. गाडीत स्नो किंवा वेट मोड असेल तर तो साधारण हेच करतो: थ्रॉटल सौम्य करतो, गिअर लवकर बदलतो. उतारावर याची उलटी बाजू दिसते. मागच्या चाकांच्या गाडीत एकदम खालचा गिअर टाकला तर इंजिन ब्रेकिंगनंही मागची चाकं ग्रिप सोडतात आणि शेपूट बाहेर येतं. आधी ब्रेकनं वेग कमी करा, मग गिअर.

अल्पिन ५ नेमका काय करतो

विंटर टायरचं रबर शून्याखालीही मऊ राहील असं असतं. सिलिकाचं प्रमाण जास्त, काचसंक्रमणाचा बिंदू बराच खाली. अल्पिन ५ च्या ट्रेडमध्ये रुंद खाचांशिवाय प्रत्येक ब्लॉकवर बारीक नागमोडी चिरा आहेत. या चिरा बर्फाला कडांनी पकडतात आणि खाचांत बर्फ दाबून बसतो. बर्फाला बर्फ चिकटतो, त्यामुळे भरलेल्या खाचाही ग्रिपला हातभार लावतात. जिज्ञासूंनी एक करून बघावं: थंड सकाळी टायरच्या एका ब्लॉकवर अंगठ्यानं आडवा जोर द्या. समर टायरचा ब्लॉक ढिम्म हलत नाही. अल्पिनचा ब्लॉक जरा झुकतो आणि चिरा उघडतात. पण पूर्ण झोपत नाही, कारण चिरांच्या भिंती वाकल्यावर एकमेकींना टेकतात. सामान्य कारच्या विंटर टायरमध्ये ब्लॉक याहून जास्त डळमळतात, आणि ३०० हॉर्सपॉवरच्या गाडीत तो डळमळीतपणा स्टिअरिंगवर लगेच जाणवतो.

ओल्या, थंड रस्त्यावर हा टायर सगळ्यात जास्त पैसे वसूल करून देतो. हिवाळ्यात गाडी बर्फावर थोडी आणि ओल्या डांबरावर खूप चालते, हे लक्षात घेतलं तर याचं महत्त्व कळेल. २-८ अंशांत ब्रेक दाबल्यावर पहिल्या क्षणापासून चावा मिळतो, वळणातून बाहेर पडताना ट्रॅक्शन कंट्रोलचा दिवा कमी वेळा लुकलुकतो. पाण्यात आणि बर्फाच्या रगड्यात रुंद मागचे टायर तरंगायला लागतात. अल्पिनच्या खाचा ते बरंच थोपवतात, पण २९५ किंवा ३०५ रुंदीच्या टायरला भौतिकशास्त्र चुकत नाही. स्लश, म्हणजे असा पाणी झालेला बर्फ, दिसला की वेग कमी करणं हाच उपाय.

बर्फावर फरक सगळ्यात ठळक. चांगला विंटर टायर दाबलेल्या बर्फावर ०.३ च्या आसपास घर्षण देतो. समर टायर साधारण त्याच्या निम्मं. ताशी ५० किमी वेगातून थांबायला ०.३ घर्षणावर सुमारे ३३ मीटर लागतात, ०.१५ वर ६६. कोरड्या रस्त्यावर हेच अंतर ११ मीटर असतं, हेही विसरू नका. चारही चाकांना ताकद देणारी गाडी निघताना मदत करते, थांबताना तिचा काडीचाही उपयोग नाही. थांबवतात ते चार टायर. त्यामुळे ऑल-व्हील ड्राइव्ह आहे म्हणून समर टायरवर हिवाळा काढू, हा विचार सोडून द्या.

गोठलेल्या पाण्याच्या गुळगुळीत बर्फावर मात्र अल्पिन ५ कडून चमत्काराची अपेक्षा ठेवू नका. असा बर्फ शून्याच्या आसपास सगळ्यात निसरडा असतो, कारण त्यावर पाण्याचा पातळ थर असतो. उणे १५ ला तोच बर्फ जास्त पकड देतो. घर्षण ०.१ वर आलं की ताशी ५० किमीवरून थांबायला जवळजवळ १०० मीटर लागतात. जिथे महिनोन् महिने असा बर्फ असतो तिथे मिशेलिनच्याच एक्स-आइस स्नोसारखा, आणखी मऊ टायर बरा. तो टी किंवा एच वेगश्रेणीत येतो, म्हणजे ताशी १९० किंवा २१० किमीपर्यंत. अल्पिन ५ व्ही आणि डब्ल्यू श्रेणीत मिळतो, २४० आणि २७० किमी. दोघांचा पिंडच वेगळा आहे.

उणी बाजू आता स्पष्ट सांगायला हवी. कोरड्या रस्त्यावर स्टिअरिंगच्या मध्यभागी पायलट स्पोर्टचा धारदारपणा नाही. वळण घ्यायला सुरुवात केल्यावर टायर क्षणभर थांबून मग बसतो. एकदा बसला की भरवसा देतो, पण पटापट डावं-उजवं केलं तर मागचा भाग किंचित उशिरा येतो. १५ अंशांच्या वर ब्रेकिंगचं अंतर वाढतं आणि खांदे लवकर झिजतात. ट्रॅकवर तर नेऊच नका. ब्लॉक तापून त्यांच्या कडांचे तुकडे उडतात आणि एका दुपारीत महागाचा संच वाया जातो. याच वर्गातले पिरेली पी झीरो विंटर आणि कॉन्टिनेंटल विंटरकॉन्टॅक्ट टीएस ८६० एस हेही विचारात घेण्यासारखे आहेत, विशेषतः तुमच्या गाडीच्या कंपनीनं त्यांना मान्यता दिली असेल तर.

माप, खुणा आणि बसवणं

बाजूच्या भिंतीवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण अशी खूण असलीच पाहिजे. ती खूण ठरावीक चाचणीत बर्फावरचं ट्रॅक्शन सिद्ध केल्यावरच मिळते. नुसतं एम+एस लिहिलेलं असेल तर ते कंपनीचं स्वतःचं म्हणणं, त्यामागे अशी चाचणी नसते. पोर्शसाठी एन किंवा एनए, बीएमडब्ल्यूसाठी तारा, मर्सिडीजसाठी एमओ अशा खुणा असतात. चारही टायरांवर एकच खूण ठेवा. पुढे एका आणि मागे दुसऱ्या प्रकारचे टायर बसवले तर गाडीचा तोल बिघडतो, आणि तो नेमका ओल्या वळणात कळतो. उत्पादनाची तारीख भिंतीवरच्या डॉट क्रमांकाच्या शेवटच्या चार आकड्यांत असते: ३५२३ म्हणजे २०२३ सालचा ३५वा आठवडा.

हिवाळ्यासाठी वेगळी रिम घेणार असाल तर एक इंच लहान घ्या. २४५/४० आर१९ चा बाहेरचा व्यास ६७८.६ मिमी येतो, २४५/४५ आर१८ चा ६७७.७ मिमी. एका मिलिमीटरचाही फरक नाही, म्हणजे स्पीडोमीटर आणि एबीएस दोन्ही खूश. बाजूची भिंत १२ मिमीनं उंच होते. बर्फाखाली दडलेल्या खड्ड्यात रिम वाचवायला तेवढं पुष्कळ आहे. अडचण एकच, मोठ्या ब्रेक कॅलिपरवरून लहान रिम बसेल की नाही. टायर मागवण्याआधी रिकामी रिम चढवून, हातानं पूर्ण फिरवून बघा.

भिंतीवर रोटेशनचा बाण असेल तर तो पुढे जाण्याच्या दिशेनं हवा, आउटसाइड लिहिलेलं असेल तर ती बाजू बाहेर. पुढे-मागे वेगळ्या मापाचे टायर असतील तर अदलाबदल करता येत नाही. बोल्ट गाडीच्या पुस्तिकेतल्या टॉर्कवर आवळा आणि ५०-१०० किमीनंतर पुन्हा तपासा. नव्या टायरचे पहिले दोन-तीनशे किमी सबुरीनं चालवा.

हवेकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. बंद जागेतला हवेचा दाब तापमानाबरोबर उतरतो: दर १० अंशांना साधारण १.७ पीएसआय. समजा पुस्तिकेत ३३ पीएसआय आहे, गॅरेजमध्ये १८ अंश आहेत आणि बाहेर उणे २. गॅरेजमध्ये बरोबर ३३ भरली तर बाहेर थोडा वेळ उभी राहिल्यावर ती ३० च्याही किंचित खाली जाते. म्हणून गॅरेजमध्येच ३६ भरायची. बर्फावर हवा कमी केली तर ग्रिप वाढते, हा समज विंटर टायरला लागू नाही. दाब उतरला की ट्रेडचा मधला भाग वर उचलला जातो, चिरा मिटतात आणि स्टिअरिंग आणखी सुस्त होतं.

टायर बदलला तरी इंजिनाला वेळ द्या

चांगली ग्रिप मिळाली की पाय जड होतो, म्हणून हेही इथेच. शून्य अंशात इंजिन सुरू केल्यावर कूलंटचा काटा पाच-सात मिनिटांत ९० वर येतो. तेल तेव्हा जेमतेम ५० वर असतं. ते ८० वर यायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, ड्राय संपच्या (तेल वेगळ्या टाकीत ठेवणाऱ्या) गाडीत तेल जास्त असल्यामुळे आणखी. बीएमडब्ल्यूनं ई४६ एम३ मध्ये आरपीएमच्या काट्याभोवती दिवे दिले होते. तेल तापेल तसे ते एकेक विझत आणि वापरायची मर्यादा वर सरकत असे. त्या गाडीत १०डब्ल्यू-६० तेल, थंडीत अगदी पाकासारखं जाड, म्हणून ती काळजी. तुमच्या गाडीत तेलाचा काटा असेल तर तोच बघायचा, कूलंटचा नव्हे.

सुरू केल्यावर १५-३० सेकंद थांबा, मग ३००० आरपीएमच्या खाली, अर्ध्यापेक्षा कमी थ्रॉटलवर चालवा. उभ्या गाडीत दहा मिनिटं इंजिन तापवत बसू नका. थंड इंजिनाला जास्त पेट्रोल दिलं जातं, त्यातलं काही सिलिंडरच्या भिंतीवरून तेलात उतरतं आणि तेल पातळ होतं. रोज पाच-सात किमीच्याच फेऱ्या असतील तर ऑइल कॅपखाली पिवळसर लोण्यासारखा थर दिसतो. ते तेलात मिसळलेलं पाणी. आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास नीट चालवली की ते वाफ होऊन जातं. गेलं नाही आणि कूलंटही कमी होत असेल तर हेड गॅस्केट तपासा. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचं तेल तर इंजिनाच्याही नंतर तापतं. दुसरा गिअर सुरुवातीला अडत असेल तर जोर करू नका.

वजन वाचवायला लिथियमची स्टार्टर बॅटरी लावलेली असेल तर तिची थंडीत परीक्षा असते. शून्याखाली ती नीट चार्ज होत नाही आणि करंटही कमी देते. २००९ मध्ये पोर्शनं अशी बॅटरी जाहीर केली तेव्हा सोबत साधी लेड-अॅसिड बॅटरीही दिली जायची, ती याच कारणानं.

कोणी घेऊ नये

ज्यांची गाडी हिवाळाभर झाकून उभी असते, त्यांनी हे पैसे बॅटरी मेंटेनरवर (उभ्या गाडीची बॅटरी चार्ज ठेवणाऱ्या उपकरणावर) घालावेत. जिथे तापमान क्वचितच ७ अंशांखाली जातं आणि बर्फ पडतच नाही, तिथेही चांगला ऑल-सीझन (बारमाही) टायर पुरतो. बाकी सगळ्यांनी पूर्ण चारचा संच घ्यावा. फक्त मागे दोन लावले तर पुढची चाकं सरळ जातात आणि गाडी वळतच नाही.

ट्रेड ४ मिमीवर आला की बर्फासाठी टायर संपला असं समजा, कायदेशीर मर्यादा त्याहून खाली असली तरी. सकाळचं तापमान सतत १० अंशांच्या वर राहू लागलं की लगेच काढा. धुऊन मीठ घालवा, पूर्ण वाळवा, कुठल्या चाकाचा होता ते खडूनं लिहा आणि अंधाऱ्या, कोरड्या जागी ठेवा. रिमसकट असतील तर आडवे रचा, नुसते टायर उभे ठेवा आणि महिन्यातून एकदा थोडे फिरवा. मोटर किंवा वेल्डिंग मशीन चालतं त्या खोलीत ठेवू नका, तिथल्या ओझोननं रबराला बारीक तडे जातात.